विसावी केस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही, आणि ज्यांना जन्मभर ‘खरं तेच लिहा’ म्हणून धारेवर धरलं त्या माझ्या विद्यार्थिनींना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

त्रेसष्ट साली मी काटोलहून नागपूरला नर्सिंग शिकायला आले. तुकडीत केरळच्या मुली जास्त. आसपासच्या गावांतल्या आम्ही तिघीच, कारण आमच्याकडे मुलीला नर्स करायचं म्हणजे चारचौघांत नाक कापून घ्यायचं. परक्या पुरुषांचं अंग पुसणारी पोर सून म्हणून कोण करणार? माझ्या शेजारची खाट पुष्पाची. उमरेडची, विणकराच्या घरची. तिच्या बाबांनी भावकीशी भांडून तिला पाठवलं होतं, आणि स्टाफ नर्स झाल्यावर नेसायला दोन पांढरी लुगडी स्वतःच्या मागावर विणूनही ठेवली होती. मी तिला चिडवायची — निकालाच्या आधीच नेसून मिरव एकदा.

मी गोल गोल फिरते आहे, नाही? कळतंय मला. पण पुष्पा कशी होती हे तुम्हाला कळायला हवं. ती कामात हळू होती. आम्ही एका बाईची नाडी मोजून पुढे जायचो, तोवर हिने तिच्या घरच्या पोरांची नावं विचारलेली असायची. कळा देणाऱ्या बाईची कंबर ती तासन् तास चोळत बसे. सिस्टर रागवायच्या, आम्ही हसायचो. रविवारी ती माझ्या डोक्याला तेल लावून द्यायची, न सांगता. माझी सख्खी बहीण नाही लावत.

तर — शेवटच्या वर्षी प्रत्येकीला वीस बाळंतपणं स्वतःच्या हातांनी करावी लागत. प्रत्येक केस वहीत लिहायची, खाली लेबर रूमच्या सिस्टरची सही. वीस सह्या नसतील तर परीक्षेचा फॉर्म नाही. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. केससाठी मुलींची ओढाताण होई, म्हणून दारावर नावांची यादी लावलेली असे. जिचा नंबर तिची बाई. पण ती वेळेला जागेवर नसली, तर केस पुढच्या नंबरची.

फॉर्म द्यायच्या दिवशी पुष्पाच्या एकोणीस झाल्या होत्या. माझ्याही एकोणीस. संध्याकाळी पाचपर्यंत वही मेट्रनकडे द्यायची होती, आणि लेबर रूममध्ये बाई एकच — रामटेककडची, पहिलटकरीण. नंबर पुष्पाचा. त्यानंतर माझा.

पुष्पा पहाटेपासून त्या बाईपाशी होती. पोटात अन्नाचा कण नाही. दोन वाजता सिस्टर म्हणाल्या, अजून तासभर तरी लागेल, जेवून ये. मेस समोरच, व्हरांडा ओलांडला की. जाताना पुष्पा मला म्हणाली, “दोन घास खाऊन येऊ दे वं. टेम आला का मले आवाज देजो.”

मी हो म्हटलं.

नंतर मी तिला सांगितलं, सगळ्यांनाच सांगितलं, की बाई एकदम मोकळी झाली, मी दारातून तीनदा हाक मारली, तुला ऐकूच आलं नाही. मेसमध्ये भांड्यांचा गोंगाट असतोच. सिस्टर बाजूच्या खोलीत आदल्या दिवशीच्या बाळंतिणीकडे होत्या. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

खरं काय झालं? मी एकही हाक मारली नाही. आणि वेळ नव्हता असंही नाही — वेळ होता. मी ब्रशने कोपरापर्यंत हात घासले, हातमोजे चढवले, उकळलेलं सामान नीट मांडलं. एवढा वेळ होता. खिडकीतून मला पुष्पाची पाठ दिसत होती, वरण-भात कालवत होती. त्या बाईनेही मान वळवून विचारलं, “ते पोरगी कुठी गेली वं? तिले बलाव ना.”

मी म्हटलं, “येऊन राहिली.”

मुलगी झाली. सिस्टर धावत आल्या, सगळं ठीक पाहिलं, माझ्या वहीत सही केली. घाबरले होते म्हणू? माझेही वडील मला परत नेतील अशी भीती होती म्हणू? होती. पण ती पुष्पालाही होती, आणि मला ते ठाऊक होतं.

पाचपर्यंत दुसरी बाई आलीच नाही. पुष्पा रडली, आणि मग मला म्हणाली की तुझा तर भरला ना फॉर्म, एकीचं तरी झालं. सहा महिने थांबायला भावकीने तिच्या बाबांना सवडच दिली नाही. तिसऱ्या महिन्यात तिचं लग्न लागलं. त्या दोन लुगड्यांपैकी एक तिने मला पाठवलं. मी ते नेसले. नोकरीच्या पहिल्या दिवशी तेच नेसले, याची मला आजही लाज वाटते.

पुढे मी शिकवायला लागले. काळ बदलला, आपल्याच गावांतल्या मुलींच्या अर्जांचे गठ्ठे येऊ लागले. सत्त्याऐंशी साली ॲडमिशनच्या रांगेत पुष्पा दिसली. केस पांढरे, बरोबर मुलगी. मुलीचं नाव यादीत लागलं, तिच्या गुणांवर. त्यात माझा काही हात नाही. पुष्पा तिला घेऊन माझ्या खोलीत आली, माझे दोन्ही हात धरले, कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. तेव्हा बोलता आलं असतं. खोलीत आम्ही तिघीच होतो.

पुष्पा मुलीकडे वळून म्हणाली, “या मावशीनं तीनदा आवाज देल्ला होता मले. मीच खादाड, जेवत बसली. तू तसं नोको करू. पेशंट सोडून कुठी जाऊ नोको.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “आईचं ऐक.”