धनुष्याची झूल

देवणीच्या विरूपाक्ष आजोबांच्या हातची झूल पाठीवर पडली की मरतुकडा बैलसुद्धा नवरदेवासारखा मान वर करून चालतो, असं सगळा गाव म्हणायचा. निदान गाव तसं म्हणतो, असं आजोबा म्हणायचे. पण गोठे रिकामे झाले, दारोदार ट्रॅक्टर आले, आणि ट्रॅक्टरला कोण झूल घालतंय? दोन-तीन पोळे असेच कोरडे गेले. आजोबांचं दाभण खुंटीवरच्या पिशवीत पडून राहिलं. आपली आता कुणाला गरज नाही, हे त्यांना आतून खात होतं.

अशात त्यांची नात दिपाली रडवेली होऊन शाळेतून आली. ती शाळेच्या संघात तिरंदाजी खेळायची. मागच्या स्पर्धेला जाताना धनुष्य पोत्यात घालून एसटीच्या डिकीत टाकलं होतं. कुणाची तरी लोखंडी पेटी त्यावर आदळली, धनुष्याच्या पात्याला तडा गेला आणि पोरीला न खेळताच परत यावं लागलं. आता नांदेडची स्पर्धा तोंडावर आली होती. पातं नवीन बसवलं होतं, पोतं मात्र तेच होतं.

पोत्याकडं बघता बघता आजोबांना आपलं दाभण आठवलं. त्या दिवशी त्यांना भाकरी जरा जास्तच गोड लागली.

दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या मैदानावर हजर! पोरी पाणी प्यायला गेल्याबरोबर त्यांनी स्टँडवर टेकवलेलं धनुष्य हातानं मापलं. झुलीचं माप बैल उभा असतानाच घ्यायचं, हा त्यांचा जन्माचा नियम. धनुष्यही त्यांनी उभंच मापलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भरलं साडेतीन हात. कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण नातीला चकित करायचं होतं.

मग त्यांनी धनुष्याला झुलीसारखी लांब पिशवी शिवायला घेतली आणि घरात धुमाकूळ सुरू झाला. बाहेरून झुलीचं लाल कापड, आत जुन्या धोतराचे थर आणि मधे घोंगडं.

"आवं, त्ये माझ्या अंगावरचं घोंगडं हाय!" शिवकांता आजी ओरडल्या.

"तुला काय डिकीत बसून जायचंय का?" आजोबा म्हणाले आणि टाके घालत राहिले. एका बाजूनं ती पिशवी पूर्ण उघडी ठेवून त्यांनी बांधायला नाड्या लावल्या. गोंडे लावले, आरसे लावले. घुंगरं तेवढी आजींनी लावू दिली नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी आजोबांनी ते प्रकरण ओसरीवर पसरलं. दिपालीनं बघितलं आणि हसत हसत खालीच बसली.

"आज्जा, धनुष्य असं अख्खं न्हेत न्हाईत! मुठीपासून दोन्ही पाती सोडवतेत. तीन तुकडे हुतेत, हातभराचे."

आजोबांचा चेहरा उतरला. एवढा मोठा कारागीर, आणि एक शब्द विचारला असता तर काय बिघडलं असतं!

"आण कातर," ते पुटपुटले. "कापून देतो." पण तयार झालेल्या झुलीला त्यांनी उभ्या आयुष्यात कातर लावली नव्हती. कातर हातात आली, तरी ते नुसते गोंडेच सारखे करत बसले.

दिपालीनं हसू आवरलं. तिनं कातर काढून घेतली, तशीच बाहेर पळाली आणि संघातल्या उज्वला आणि शिल्पाला त्यांच्या पोत्यांसकट घेऊन आली. तिघींची धनुष्यं सुटी करून तिनं झुलीत एकापुढं एक मांडली. तिन्ही बसली, वर बोटभर जागा उरली.

"कापू नगंस, आज्जा. मधी दोन शिवणी मार फकस्त."

आजोबांनी दाभण उचललं. डोळे पुसायला मात्र वेळ लागला. आजींनी ते बघितलं आणि चहा ठेवायला उठून गेल्या.

सकाळी तिन्ही पोरी झूल खांद्यावर घेऊन स्टँडकडं निघाल्या, एक पुढं, एक मधे, एक मागं. आरसे लखलखत होते. मागून आजोबा, कुठं गोंडा अडकला तर सोडवत. हॉटेलात बसलेली माणसं उठून रस्त्यावर आली.

"विरूपाक्ष, लई दिसानं झूल काढलीस! कुणाच्या बैलाची रं?"

"बैलाची न्हाई," आजोबा अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या पोरींची हाय."