किलकीच्या किनाऱ्यावरच्या गोगलगायी

आयर्लंडमधल्या लिमरिकहून निघालो तेव्हा पाऊस होता. वाटेतलं एनिस गाव मागे पडेपर्यंत तो थांबत राहिला आणि परत येत राहिला. २०२१चा जुलै. कोविडची बंदी उठून काउंटीबाहेर, म्हणजे जिल्ह्याबाहेर, जायला पुन्हा मोकळीक मिळाली होती आणि सगळ्या लिमरिकला एकदमच समुद्र आठवला होता. इथली माणसं सुट्टीला पश्चिमेकडच्या किलकी गावाला जातात, त्यांचे आजोबाही तिथेच जात. नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्या शनिवारी ऑन-कॉल ड्युटी होती. म्हणून गाडीत मी, आमची सात वर्षांची इरा आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आई.

आई मालवणजवळच्या खाडीकाठच्या गावच्या. २०२०च्या सुरुवातीला तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकल्या. आबा, माझे सासरे, तिकडे एकटेच. तोवर दीड वर्ष होत आलं होतं. माझ्या मनात मात्र वेगळीच बोच होती. गेले काही महिने आई जेवत नव्हत्या. दोन घास खायच्या आणि ताट बाजूला सारायच्या. मी पुण्याची, पक्की शाकाहारी; माहेरी चातुर्मासात कांदासुद्धा बंद. माझं वरण-भात-तूप त्यांना आवडत नसणार, असं मी धरून चालले होते. एकदा धीर करून सामनचे तुकडे आणून नितीनकडून तळून घेतले. आईंनी तो गुलाबी, बिनकाट्याचा मासा उलटापालटा करून पाहिला, दोन घास खाल्ले आणि हात धुतले. विचारलं तर म्हणाल्या, "भूक नाय गो." त्यापुढे आम्ही दोघीही गेलो नाही.

किलरश गावाच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर चहाला थांबलो. इराने डबा उघडला. पांढऱ्या ब्रेडला लोणी आणि आत चुरडलेले बटाट्याचे वेफर! हे सँडविच इथल्या मुलांचं फार लाडकं.

"पावात वेफर?" आईंनी माझ्याकडे पाहिलं.

"इट्स डिलिशस, आजी," इरा म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते आयरिश हेल काढून इंग्रजीत.

मीही आजवर त्या सँडविचला नाक मुरडत आले होते. त्या दिवशी चहाचा घोट घेताना वाटलं, आपण तरी काय करतो? बटाटा तळतो आणि पावात घालतो. आपलं ते खाणं, दुसऱ्याचं ते नवल.

पुढचा रस्ता पीटच्या (इथे जळणासाठी खणून काढतात त्या मातीच्या) काळ्या, ओलसर माळरानातून जातो. मग दगडी कुंपणं आली आणि त्यांच्यावर लाल फ्युशियाची फुलं लोंबताना दिसू लागली. एका वळणावर समोरची जमीन संपली आणि घोड्याच्या नालेसारखा वळलेला किलकीचा समुद्र दिसला. आई पुढे वाकल्या.

गाडी लावायला जागा मिळाली ती गावाच्या पार वरच्या टोकाला. उतरून चालत आलो तोवर ऊन पडलं होतं. बंधाऱ्याच्या भिंतीला टेकून इरा उरलेलं अर्धं सँडविच खात होती. एक सीगल पक्षी आला आणि तिच्या हातातून ते घेऊन गेला. इराने भोकाड पसरलं. आई मात्र तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "आमचे कावळे बरे म्हणायचे," म्हणाल्या. त्यांना हसताना पाहून किती महिने झाले होते, मला आठवेना.

तिथून जवळच भिंतीपाशी एका बाईंनी घडीचं टेबल मांडलं होतं. साठीच्या, वाऱ्याने लाल झालेल्या गालांच्या. टेबलावर दोन टोपल्या होत्या. एकीत डिलिस्क (खडकांवरचं वाळवलेलं, जांभळट लाल समुद्री शेवाळ) आणि दुसरीत करवंदाएवढ्या काळ्या, उकडलेल्या समुद्री गोगलगायी. इथे त्यांना पेरिविंकल म्हणतात. कागदाच्या पुडीत भरून देतात आणि माणसं बाकावर बसून, शेंगा सोलाव्यात तशा त्या खातात.

"ओह, दॅट्स ग्रोस," म्हणत इरा माझ्यामागे गेली. खरं सांगायचं तर मीही डिलिस्कच्याच टोपलीकडे पाहत राहिले.

आई टेबलापाशी पोचल्या होत्या. त्यांनी बोटानेच "घेऊ का?" असं विचारलं आणि एक शंख उचलून त्याच्या तोंडाशी असलेली काळी टिकलीएवढी झाकणी निरखली.

"हे आमच्या खाडीतले न्हय," त्या मला म्हणाल्या, "पण आमच्यांचे भावकीतले."

मी पुडी घेतली. बाई, त्यांचं नाव नोरीन, ओशाळून म्हणाल्या, "एरवी पुडीला टाचणी लावून देते. यंदा कोविडमुळे देत नाही. तुम्हाला जमेल का?"

मी भाषांतर करेपर्यंत आईंनी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, रुमालाने पुसली, झाकणी उडवली आणि टोक आत घालून मनगट जरासं फिरवलं. आतला वळसेदार मांसाचा तुकडा अख्खा बाहेर आला.

"गुड वुमन!" नोरीन ओरडल्या. "माझी न्यूयॉर्कची नातवंडं हात लावत नाहीत हो याला. मी खायला लागले की उठून दुसऱ्या खोलीत जातात."

हे मी आईंना सांगितलं. त्यांनी इराकडे पाहिलं, मग नोरीनकडे, आणि दोघी आज्यांनी एकदमच मान हलवली.

आम्ही बाकावर बसलो. आई एकामागून एक खात होत्या. सावकाश, डोळे समुद्राकडे लावून. अर्धी पुडी संपली. मी न राहवून विचारलं, "आई, एवढं आवडलं? घरच्यासारखी चव आहे?"

"चव?" त्या थांबल्या. पिन बोटांत तशीच. "चव खयची? माका वासच येणा नाय गो. जानेवारीपासून."

जानेवारीत घरात सगळ्यांनाच कोविड झाला होता. आमची चव आठवड्याभरात परतली. आईही तेव्हा म्हणाल्या होत्या, "इली परत."

"खोटा बोललंय," त्या म्हणाल्या. "तुमका आधीच काय कमी घोर होते? तुझा वरण बरा असतला. माका कळणाच नाय. मऊ मऊ कायतरी तोंडात जाता, इतक्याच. ह्या चावूक लागता. दाताक कळता, आपण खातंव म्हणून."

मला एकदम आठवलं. मागे एकदा त्यांच्या शेजारच्या शेगडीवर दूध करपून काळं झालं होतं आणि त्या तिथेच उभं राहून भाजी निवडत होत्या. मी मनात म्हटलं होतं, लक्षच नाही यांचं माझ्या घरात.

"आबांना माहीत आहे?"

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. "ते म्हणतत, तू इलंस काय पयला तुझ्या हातचा तिकला (बांगड्याचं आंबट-तिखट) खातलंय. माझा रांधप सगळा नाकावर. मासो ताजो काय नाय, मसालो भाजलो काय नाय. काय सांगू तेंका?"

मी त्यांचा हात धरला. हाताला समुद्राचा उग्र वास येत होता. तो मला येत होता, त्यांना नाही. गोगलगाय काही मी खाल्ली नाही. तेवढं माझ्याने झालं नाही. डिलिस्कचा तुकडा मात्र चघळला. पावसात राहिलेल्या, मीठ जास्त झालेल्या पापडासारखा लागला. वाईट नव्हता. निघताना नोरीननी आईंना विचारलं, "ऑल ग्रँड?"

"ग्रँड," आई म्हणाल्या. आयर्लंडमध्ये त्यांनी उचललेला, ‘छान’ या अर्थाचा, हा एकच शब्द.

परतीच्या वाटेवर इरा झोपली. मी ठरवत होते, उद्यापासून आमटीत शेंगदाणे, सोबत कच्चा कांदा, भाजलेला पापड, कोशिंबीर. दाताला कळेल असं काहीतरी रोज ताटात हवं. एकाच टेबलाशी रोज समोरासमोर बसूनही समोरचीच्या तोंडात काय चाललंय ते मला कळलं नव्हतं. मी नावडीचा हिशेब मांडत बसले होते आणि त्या एकट्याच भीत होत्या.

घरी पोचलो तेव्हा इथे लख्ख ऊन होतं आणि तिकडे आबा जेवून ओटीवर बसले होते. व्हिडिओ कॉल लागला. आईंनी गोगलगायींचं सांगितलं, सीगलचं सांगितलं. मी उठून जाऊ लागले, तर त्यांनी मला हाताला धरून बसवलं.

"ऐकतास काय? माका वास येणा नाय. कायच. मासो कुजलो तरी माका कळूचा नाय."

पडद्यावर आबांनी चष्मा काढला, लुंगीच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

"मगे काय झाला?" ते म्हणाले. "वास मी घेतंय. तू रांध."