नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची अन्नसाखळी

त्या दिवशी माझी नोकरी एका मोराच्या हातात होती. म्हणजे मोराची कागदी टोपी घातलेल्या चौथीतल्या एका पोराच्या. आणि तो मोर हात उचलायलाच तयार नव्हता.

साठ साल अजून उजाडायचं होतं. फुलसावंगीच्या अलीकडच्या एका खेड्यात मी मास्तर होतो, पण हंगामी. डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार, माझा पाठ पाहणार आणि मला कायम करायचं की घरी धाडायचं ते शेरेबुकात लिहिणार, असं हेडमास्तर आठवडाभर रोज सकाळी मला सांगत होते. शेजारच्या गावच्या हंगामी मास्तराला साहेबांनी पाठ अर्ध्यावर थांबवून घरी पाठवलं होतं, हेही ते रोज सांगत.

मी पाठ निवडला अन्नसाखळीचा. एक तर ट्रेनिंगमध्ये तो ताजा शिकलो होतो, आणि दुसरं म्हणजे मला नाटकाचा भारी सोस. पाच पोरं, पाच टोप्या: गवत, नाकतोडा, बेडूक, साप, मोर. खाणाऱ्याने खाल्ल्या जाणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि गर्जायचं, ‘मी याला खातो!’ आठ दिवस तालीम केली. पंचांग तेवढं पाहायचं राहिलं. साहेब आले तो नागपंचमीचा दुसरा दिवस होता.

साहेब खुर्चीत बसले. मांडीवर शेरेबुक, हातात तांबडी पेन्सिल. नाकतोड्याने गवत खाल्लं. बेडकाने नाकतोडा असा खाल्ला की साहेबांची मिशी जराशी हलली. सापाने बेडूक खाल्ला. आणि मोर थांबला.

“खा ना रे,” मी दातांतल्या दातांत म्हणालो.

“काल पूजा केली ना गुरुजी. आज कसा खाऊ?”

“मले खाल्लं त तुही मायच मारते तुले!” साप म्हणाला.

दारात उभे असलेले हेडमास्तर छताकडे पाहू लागले.

“बरं,” साहेब सावकाश म्हणाले, “सापाला खायचं नाही. मग साप काय खातो?”

“दूध अन् लाह्या!” अख्खा वर्ग ओरडला. ज्याला सापाने आत्ताच खाल्लं होतं तो बेडूकसुद्धा!

“हे कोणी शिकवलं?”

“गुरुजीच काल वारुळावर दूध ठिवून आले,” मोराने सांगून टाकलं.

खोटं नव्हतं. घरमालकीणबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांचं दुधाचं वाडगं आणि ज्वारीच्या लाह्या मीच नेऊन ठेवल्या होत्या. हातही जोडले होते.

“खरं?”

“हो साहेब.”

“म्हणजे शाळेत एक आणि वारुळापाशी दुसरं.” पेन्सिल शेरेबुकावर टेकली. माझ्या पाठीवरून घामाची एक धार निघाली, ती थेट कमरेपर्यंत गेली.

तेवढ्यात मागच्या रांगेत एक हात वर आला. तांड्यावरची मुलगी. वर्षभरात ती वर्गात चार शब्द बोलली असेल.

“सायेब, सापानं दूध नाही पेलं. म्या पाह्यलं.”

“तू तिथे काय करत होतीस?”

ती ओढणीचं टोक चावू लागली. सगळा वर्ग तिच्याकडे वळला. पेन्सिल अजून कागदावरच होती. मी मनात म्हणत होतो, बोल गं माय, बोल.

“लाह्या खायाले गेलती,” ती एकदाची म्हणाली. “देवाच्या.”

पोरांनी ‘बाप्पा!’ करून तोंडावर हात ठेवले. साहेबांनी मात्र पेन्सिल उचलली. “मग? खाल्ल्यास?”

“नाही ना सायेब! लाह्यायले मुंग्या लागल्या होत्या. म्या कडूलिंबावर चढून बसली, मुंग्या जातीन म्हणून. त बेंडूक आला. त्यानं जिभेनं मुंग्या टिपल्या, पटापटा. मंग झुडपातून साप आला. दुधाच्या वाडग्यावरून सरकत गेला, तोंडबी नाही लावलं. बेंडूकच धरला. मंग म्या उतरलीच नाही, दिवस बुडेवर.”

ती खाली बसली. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. नोकरीच्या भीतीने हात खिशात घातले. पण पाय काही राहिले नाहीत. फळ्याकडे गेलो आणि लिहिलं: लाह्या, मुंग्या, बेडूक, साप. सापापुढे बाण काढला आणि मोराकडे पाहिलं. मोराने जमिनीकडे पाहिलं.

“मास्तर, तो बाण पुढच्या आठवड्यात पुरा करा,” साहेब म्हणाले. मग खाली मान घालून बराच वेळ लिहीत राहिले. काय लिहिलं ते दिसेना. शेरेबुक मिटून ते उठले, मी त्यांना बैलगाडीपर्यंत पोचवायला गेलो. गाडीत चढता चढता त्यांनी आवाज खाली आणला.

“तोंडसुद्धा लावलं नाही म्हणाली ना ती, दुधाला?”

“नाही साहेब.”

“काल मीही ठेवून आलोय. साप पीत नाही हे आमच्या घरच्यांना बोलू नका.”

दिवाळीच्या आधी मी कायम झालो. पुढच्या नागपंचमीला घरमालकीणबाईंचं वाडगं घेऊन निघालो, तर वाटेत तीच मुलगी भेटली. मी न विचारता मूठभर लाह्या तिच्या ओच्यात टाकल्या.

“बाकीच्या कोनासाठी, गुरुजी?” तिने विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत हसत सुटली, “मुंग्यायसाठी ना?”