अर्ध्या मिनिटाची जागा

माझ्या मुलीचं संगीत मला आवडत नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे, तेव्हा इथं लिहायला हरकत नाही. ती आणि तिचे तिघे मित्र मिळून जे वाजवतात त्याला ते प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात आणि वर प्रायोगिक असंही लावतात. प्रयोगाचं मला वावडं नाही. पण आपला प्रयोग फसला हे ज्यांना कधी कळतच नाही, त्यांच्याशी वाद कुठून सुरू करायचा?

मी मुळगावचा. खाणीच्या ऑफिसात टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आला, कोण किती वेळ नुसता बसून राहिला, हे बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. दुसरा नाद भजनाचा, तो वडिलांकडून आला. श्रावणात आमच्या देवळात चोवीस तासांचं अखंड भजन असतं, त्याला आम्ही सप्ताहच म्हणतो. घराघराची पाळी ठरलेली. एका घराची पाळी संपायच्या आत पुढच्या घरानं टाळ सुरू करायचे, मध्ये एक क्षणसुद्धा रिकामा जाता कामा नये. वडिलांनी मला सूर शिकवायच्या आधी हे शिकवलं. गळा बसला तर बसू दे, शब्द विसरला तर विसरू दे, टाळ थांबता कामा नयेत. लहानपणी मला वाटायचं, टाळ थांबले तर देऊळच खाली येईल. खरं सांगायचं तर अजूनही थोडंसं वाटतं.

आमची पाळी दुपारी एक ते तीन. मी गायचं आणि मुलीनं पेटी वाजवायची. बाराव्या वर्षापासून ती माझ्या साथीला बसत होती. तीन वर्षांपूर्वी तिनं मोठ्या कौतुकानं मला त्यांचं रेकॉर्डिंग ऐकवलं. मी अर्ध्यावर उठलो आणि म्हणालो, "ही स्वतःच स्वतःला केलेली आरती." पुढच्या श्रावणात ती म्हापशाहून आलीच नाही. त्याच्या पुढच्या श्रावणातही नाही, आणि त्याच्याही पुढच्या. पेटीवर पोस्टातून निवृत्त झालेले शेजारी बसू लागले. माणूस सज्जन, हात स्वच्छ, पण सारखा घड्याळाकडे बघणारा.

यंदा मीच नमतं घेतलं. ती रविवारी घरी आली होती, चहात पाव बुडवून खात होती. मी विचारलं, "सप्त्याक येशील?"

तिनं पाव खाऊन संपवला. "बाबा, एक पावट आमचें आयक. पुराय. मदीं उठनासतना. मागीर पेटी हांव वाजयतां."

एकदा, पूर्ण, मध्येच न उठता ऐकायचं, मग पेटी ती वाजवणार. सौदा सोपा वाटला. मी हो म्हणालो.

त्यांचा कार्यक्रम पेडण्याला एका छोट्या हॉलमध्ये होता, रविवारी संध्याकाळी. रविवारी दुपारी मी इब्रामपूरला बायकांना भजन शिकवायला जातो, तिथून थेट गेलो. खांद्याला पिशवी, पिशवीत टाळ. पिशवी मांडीवर घेऊन दुसऱ्या रांगेत बसलो. सवयीनं माणसं मोजली. मला धरून तेवीस.

तुकडा एकच होता, बेचाळीस मिनिटांचा. त्याला नाव नव्हतं, नुसता आकडा होता. नाव द्यायला आधी कळावं लागतं ना, कशाबद्दल आहे ते.

सुरुवातीला दहा मिनिटं काहीच घडलं नाही, पण ते फार गंभीरपणे घडलं नाही. मग ड्रमवाल्यानं सात मात्रा धरल्या. रूपक तालात माझी हयात गेली आहे, सात मात्रांचा मला धाक नाही. पण सात जेमतेम अंगात मुरतात तोच अकरा झाल्या, अकरा कळायला लागल्या तोच तेरा. सम आली की घरी पोचल्यासारखं वाटतं. ह्यांची सम पायरीपर्यंत येते, चपला काढते आणि परत चपला घालून निघून जाते. गिटारवाला डोळे मिटून एकच सूर ताणत राहिला. खाणीवर यंत्र असं अडकलं की आम्ही मेकॅनिकला हाक मारत असू. इथं लोक मान डोलवत होते. बास गिटारवाल्याला तर आपल्यासमोर कुणी बसलंय ह्याची दखलच नव्हती, तो भिंतीकडे तोंड करून वाजवत होता.

मध्ये एकदा मुलीनं कीबोर्डवर चार सूर असे लावले की माझ्या तोंडून वाहवा निघणार होती. निघेपर्यंत तिनं ते सोडून दिले आणि पुन्हा काही तिकडे फिरकली नाही. चांगलं सापडलं की टाकून द्यायचं, असा त्यांच्यात नियम असावा. मला राग आला. हिच्या हातात काय आहे ते मला ठाऊक आहे. ते असं उधळायचं आणि त्याला धाडस म्हणायचं?

चौतिसावं मिनिट चालू होतं. सगळे एकदम चढत गेले, आवाज छातीत बसू लागला, आणि एका क्षणी चौघेही थांबले. मुलीचे दोन्ही हात कीबोर्डच्या वर हवेत थांबलेले. कुणी हलेना. मला वाटलं काहीतरी तुटलं, कुणीतरी विसरला. पाच सेकंद गेले. दहा गेले. टाळ कधी बाहेर काढले मला माहीत नाही, पण ते माझ्या हातात होते आणि मी वाजवत होतो, वर "विठ्ठल विठ्ठल" सुद्धा म्हणालो, चांगलं मोकळ्या गळ्यानं.

बावीस माणसं माझ्याकडे वळली. ड्रमवाल्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या. मागं कुणीतरी हसलं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं हात खाली आणले आणि उरलेली आठ मिनिटं शाळेतली कविता म्हणून टाकावी तशी वाजवून संपवली.

परत येताना गाडी तीच चालवत होती. अस्नोड्याला मी तोंड उघडलं. मी शरमलो होतो आणि शरमलो की मी भांडतो.

"इतकी रिकामी जागा ठेवतात कशाला?"

"आयकूंक."

"काय आयकूंक? थंय कांयच नाशिल्लें." तिथं ऐकायला काहीच नव्हतं.

"अर्दें मिनीट आशिल्लें, बाबा. त्याच अर्द्या मिनिटाखातीर पयलीं चौतीस मिनिटां."

"मग अर्धं मिनिटच वाजवायचं होतं."

ती हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. मी मग सगळंच काढलं. तेवीस माणसं, त्यांतली अर्धी वाजवणाऱ्यांच्या घरची. ऐकणारा असो नसो, आपली हौस भागली म्हणजे झालं, ह्याला कला म्हणत नाहीत. ऐकणाऱ्याचा जरा तरी विचार हवा. खूप बोललो. तिनं बोलू दिलं.

घर जवळ आल्यावर तिनं विचारलं, "तुज्या पाळयेक कोण आयकता?"

"देव."

"आनी?"

मी म्हटलं, सगळा गाव. ती म्हणाली, "एक पावट वयर पळय." एकदा मान वर करून बघ.

सप्ताहाला ती येणार नाही असं मी धरून चाललो होतो. साडेबाराला ती आली, साडी नेसून, पेटीसमोर बसली आणि भाता उघडून बघितला. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "तूं उठूंक ना न्हय? उतर म्हणल्यार उतर." मी उठलो नव्हतो, आणि दिला शब्द म्हणजे दिला शब्द.

एक वाजता आम्ही टाळ घेतले. गाताना मी समईकडे बघतो. वडील बघायचे म्हणून मीही. त्या दिवशी तिसऱ्या अभंगाला, आलाप रंगात आला असताना, मान वर केली.

सभामंडप जेवण करून आडवा झाला होता. खांबाला टेकून दोन म्हातारे घोरत होते. पुजारी आत होता. एक गृहस्थ फोनवर बोट फिरवत होते. आमच्या मागं टाळ धरलेल्या तिघांपैकी दोघांचे हात चालत होते आणि डोळे मिटलेले होते, भक्तीनं नव्हे. आणि मी एका ओळीवर गेली पंचवीस मिनिटं ताना घेत होतो. कुणी सांगितल्या होत्या?

फक्त ती जागी होती. तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. मी श्वास कुठं घेईन ते ती बघत होती, आणि मी तो घेतला की तेवढ्या फटीत पेटीचा सूर हलकेच येऊन उभा राहत होता, मी परत येईपर्यंत. लहान होती तेव्हापासून ती असंच बघत आली असणार. मी समईकडे बघत होतो, मला कसं दिसणार?

पेटी वाजवणारे आमच्या गावात आणखी दोघे आहेत. ती येत नव्हती तेव्हा मी गावभर सांगत फिरलो की पेटीचं जमत नाही. पेटीचं काहीच अडलं नव्हतं.

तिचा तो बेचाळीस मिनिटांचा तुकडा मला आजही असह्य वाटतो. तीस मिनिटं कापली तर कदाचित बसवेल. हे मत मी बदलणार नाही आणि तिनं बदलायला सांगितलेलंही नाही. पण त्या दुपारी ओळ पुरी करून समेवर येताना माझा आवाज फुटला. पेटीनं ती जागा सांभाळून घेतली आणि टाळ चालूच राहिले.

सोळा श्रावण ती माझ्यासमोर बसून सगळं ऐकत होती, मध्ये एकदाही न उठता. तिला माझ्याकडून अर्धं मिनिट हवं होतं.