शिवणाऱ्या बाईचा चेहरा

विद्यार्थी तिला पाठीमागे लेबलबाई म्हणत. ती संग्रहालयशास्त्र शिकवायची, आणि वस्तूशेजारच्या त्या चार ओळींच्या पाटीवरून तिने भल्याभल्यांना घाम फोडला होता. ‘बहुधा’ लिहिलं की लाल रेघ, ‘असे म्हणतात’ लिहिलं की दोन. हे नाव तिच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून तिला ते आवडायचंही.

त्या वर्षी तिने एक नवा उद्योग काढला. पोरं दिवसभर फोनमध्येच डोकं खुपसून बसतात, तर अभ्यासही तिथंच न्यावा. वर्गाचं एक इन्स्टा अकाउंट उघडायचं, प्रत्येकाने शहरातल्या छोट्या संग्रहालयातली एक वस्तू निवडायची, फोटो टाकायचा, पण माहिती द्यायची नाही. लोक खाली काय लिहितात त्यातून पाटी तयार करायची.

वर्गातल्या सगळ्यांत अबोल मुलीने शिवणारी बाई निवडली. जुन्या धंद्यांच्या दालनात, खिडकीजवळ, पायाच्या मशीनवर वाकलेला प्लास्टरचा पुतळा. ओठ किंचित उघडे, दाताने दोरा तोडायच्या बेतात असल्यासारखे. मुलीने फोटो बाजूने काढला आणि खाली लिहिलं, ‘ही कोण?’

बाकीच्यांच्या कंदिलांना, वजनांना, टाइपरायटरला ओळखीपाळखीच्यांचे लाइक मिळाले. या बाईला मात्र माणसं मिळाली. ‘ही माझी मावशी. मान अशीच घालायची.’ ‘आई गेली तेव्हा मी लहान होतो. आज दिसली.’ ‘खरं सांगा, हा फोटो कुठून आणलात?’ वर्गात आधी हशा पिकला. मग एकेक कॉमेंट वाचताना पोरांचे आवाज उतरत गेले.

“मॅडम, एवढ्या जणांना एकच चेहरा कसा ओळखीचा वाटतो?” त्या मुलीने विचारलं.

“कारण तो कोणाचाच नाही,” लेबलबाई म्हणाली. “घडवणाऱ्याने मुद्दाम साधा ठेवलाय. रिकाम्या जागेत जो तो आपलं माणूस बसवतो.” वाक्य तिला स्वतःलाच इतकं पटलं, की तिने ते फळ्यावर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता तिने फोन उघडला, तर सगळ्यात वर तिच्या भावाची कॉमेंट. दादा दुसऱ्या गावी फ्रिज दुरुस्त करायचा. बहिणीचं अकाउंट म्हणून बघायचा, पण लिहायच्या भानगडीत कधी पडायचा नाही. त्याने एकच शब्द लिहिला होता : ‘ताई.’

तिने कप खाली ठेवला. ताई त्या दोघांहून मोठी. एका दुपारी घरातून गेली ती गेलीच. का, कुणाबरोबर, भांडून की रडून, हे धाकटीला कधी कुणी सांगितलं नाही. वडिलांनी फोटो फाडले. ताईचा विषय निघाला की आई नळ मोठा सोडून भांडी घासायला बसायची. मग विषयच निघेनासा झाला.

तिने फोन लावला. “दादा, काय लिहिलंस ते?”

“जे दिसलं ते.”

“अरे, प्लास्टरचा पुतळा आहे तो.”

“कळतं गं मला. डोळे फुटले नाहीत माझे.” मग त्यानेच विचारलं, “तुला नाही दिसली?”

तिने फोन ठेवला. दिसणार कशी? वेणी घालताना केसांना बसलेले हिसके आठवत होते, मानेवरची गार बोटं आठवत होती. चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं.

ती संग्रहालयात गेली. वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना घेऊन ती या मशीनसमोर उभी राहिली होती. चाक, पट्टा, पायडल, सगळं सांगायची. मागच्या बाईबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. आता ती खाली बसून त्या तोंडाकडे बघत राहिली. काळजात काहीतरी हलेल म्हणून वाट पाहिली. काही हलेना. परकी माणसं ढसाढसा रडत होती, आणि ही कोरडी ठणठणीत. पुतळा आपल्याकडे बघतोय असं वाटलं असतं तरी चाललं असतं, पण ती बाई कापडाकडेच बघत होती.

त्यानंतर तिचं मन थाऱ्यावर राहीना. दुकानांच्या काचेतल्या पुतळ्यांपाशी पाय अडखळायचे. स्वतःचा बाजूने फोटो काढून ती त्या फोटोशेजारी धरायची. कधी नाक जुळायचं. पुन्हा बघितलं की जुळायचं नाही.

शेवटी संग्रहालयाच्या निवृत्त अधिकाऱ्याकडून तिने पुतळेवाल्याचा ठावठिकाणा मिळवला. रंगाच्या दुकानावरच्या खोलीत तो म्हातारा राहायचा. खुर्चीवर एक बिनहाताचा पुतळा बसला होता. त्याला उचलून कोपऱ्यात ठेवत त्याने तिला बसायला जागा करून दिली.

“त्या बाईचा चेहरा तुम्ही मनाने घडवलात ना?” तिने विचारलं.

“छे! घेतला. माझ्या पुतळ्यांचे कपडे शिवायला एक टेलरबाई यायची. नाकात नळ्या घालून तिच्या तोंडावर प्लास्टर थापलं. त्यात तिला हसू आलं, म्हणून ओठ उघडे राहिले.”

“नाव काय तिचं?”

“टेलरबाईच म्हणायचो. घरचं कधी बोलली नाही, मीही खोदून विचारलं नाही.” त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं. “पुतळा कुठं ठेवणार, हे मात्र विचारलंन. संग्रहालयात म्हटल्यावर म्हणाली, तिथं शाळेतल्या मुली येतात ना? मग काम संपलं, गेली. पुन्हा दिसली नाही.”

 लहानपणी शाळेबरोबर लेबलबाईही तिथं गेली होती. पेंढा भरलेली मगर आठवत होती, मैत्रिणीशी डब्यावरून झालेलं भांडण आठवत होतं. बाई आठवत नव्हती.

पुढच्या तासाला तिने आधी फळा पुसला. “मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तो चेहरा एका खऱ्या बाईचा आहे.”

“कोणाचा?” अबोल मुलीने विचारलं.

“शिवणकाम करणाऱ्या बाईचा. बहुधा...” ती अडखळली. कुणी हसलं नाही. “बहुधा माझ्या बहिणीचा.” घराबाहेर तिने ‘बहीण’ हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला होता.

मुलांनी पुतळेवाल्याची हकिकत अकाउंटवर टाकली, मॅडमच्या बहिणीचा उल्लेख न करता. काही लोक चिडले, काही गप्प झाले. आई दिसलेल्या माणसाने लिहिलं, ‘असेल कुणीही. फोटो काढून टाकू नका, एवढीच विनंती.’

दादा आला, तेव्हा ती त्याला दालनात घेऊन गेली. तो बराच वेळ हात मागे बांधून उभा राहिला. मग म्हणाला, “हात लावू?”

आजवर तिने शेकडो हात मागे ओढले होते. “लाव,” ती म्हणाली.

त्याने पुतळ्याच्या गालावर तळवा ठेवला आणि बांध फुटल्यासारखा रडला. तिनेही हात लावला. गार, खरखरीत, कानाखाली साच्याचा सांधा. भावाचा तिला हेवा वाटला. त्याला रडायला माणूस होतं.

“पटलं का आता?” बाहेर येताना त्याने विचारलं.

“नाही रे.”

तो तिचा हात धरून पायऱ्या उतरला.

अजूनही ती वर्ग तिथंच घेते. मुलं गेली की स्टूल ओढून त्या बाईसमोर बसते. आता पहारेकऱ्याला सवय झाली आहे. तो बाकीची दालनं आधी बंद करतो, हे शेवटी. ती एकटक बघत राहते, आणि बाई शिवणावरून मान वर करत नाही.