माया सोडलेली काच

सासऱ्यांचा ट्रक भंगारात जाणार हे कळलं, तेव्हा बायको कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत बसली होती. फोन तिच्या मोठ्या भावाचा होता. सासरे गेल्यापासून नरपडची चिकूची वाडी तोच बघतो. तो म्हणाला, भंगारवाला यायला तयार आहे, शेडमधली जागा तरी मोकळी होईल.

"दादा, त्याला येऊ नको म्हणून सांग," बायको म्हणाली. "गाडी मी नेते."

मी पेपर खाली ठेवला. "कुठे नेणार?"

"आपल्या अंगणात. एवढं मोठं आहे ते कशाला?"

रानशेतच्या आमच्या घरापुढे अंगण मोठं आहे, हे खरं. कासा भागातल्या आश्रमशाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे मिरच्या आणि वांगी लावत होतो. ट्रक आला तो दुसऱ्या गाडीला दोर बांधून, आणि थेट माझ्या वांग्यांच्या वाफ्यात उभा राहिला.

जुन्या, पुढे नाक असलेल्या जातीचा ट्रक. सासऱ्यांनी तो तरुणपणी घेतला होता. स्वतःचे आणि शेजाऱ्यांचे चिकू ते त्यातून मुंबईला न्यायचे आणि पावसाळा सरला की गवताच्या गाठी. त्या गाठी शहरातल्या तबेल्यांत जायच्या. माझी बायको लहान असताना सुट्टीत बापाशेजारी बसून जायची. तिच्या बोलण्यात तो ट्रक इतक्या वेळा यायचा, की लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो अपेक्षेपेक्षा लहान वाटला होता.

तलासरीचा एक मेकॅनिक दर रविवारी मोटारसायकलवर येऊ लागला. त्याचं मराठी अर्धं गुजराती, आणि कामाला बसला की तेही बंद. हिवाळाभर त्यानं इंजिन खोललं, ब्रेक नवे केले, वायर बदलल्या. मेहुणा पहिल्यांदा नुसता बघायला आला. "उगाच खटाटोप," असं म्हणत त्यानं चहा घेतला आणि जाताना विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता सुरू करता?" मग तोही यायला लागला. रंगाचं काम त्यानंच केलं.

राहिल्या काचा.

समोरची काच मधल्या पट्टीनं दोन भागांत विभागलेली. एका अर्ध्या काचेवर कधीतरी नारळ पडला होता, तिचं जाळं झालेलं. दुसरी कडेनं पिवळी आणि धुरकट. क्लीनरच्या बाजूच्या दरवाजाला तर काचच नव्हती. सासऱ्यांनी तिथे पत्रा ठोकला होता. काचेशिवाय गाडी आरटीओत पास होणार नाही, आणि पास झाल्याशिवाय रस्त्यावर येणार नाही. हायवेच्या स्पेअरपार्टच्या दुकानांत मी गाडीचं नाव सांगितलं की दुकानदार आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघायचे.

"सर, नसीब समजा, काच सपाट आहे," मेकॅनिक म्हणाला. "गोल असती तर म्युझियममधून आणावी लागली असती. सपाट काच कोण पण कापून देईल. तुम्ही फक्त फर्मा द्या."

फर्मा म्हटल्यावर बायकोनं शिवणाचं मशीन बंद केलं. आमच्या गावातले निम्मे ब्लाउज तिच्या हातचे आहेत. मापं काढणं आणि कागद कापणं यात तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती स्टुलावर चढून चौकटीला पुठ्ठा लावून बसली. पेन्सिल दातात. थोड्या वेळानं म्हणाली, "अहो, हे दोन्ही अर्धे सारखे नाहीत. डावीकडचा कोपरा जास्त गोल आहे." मी पाहिलं. मला तो सारखाच वाटला, पण मी मान डोलावली. तिनं दोन वेगळे फर्मे काढले, त्यावर 'डावा', 'उजवा' लिहिलं, आणि दरवाजाचा तिसरा.

तलासरीच्या बाजारात एक काचवाला आहे. आरसे आणि खिडक्या हाच त्याचा धंदा. समोरच्यासाठी त्यानं डबल काच सुचवली, मध्ये पातळ पापुद्रा असलेली, फुटली तरी अंगावर न येणारी. दोन्ही बाजूंनी रेघ मारून त्यानं ती टचकन मोडली, मग भेगेत स्पिरिट ओतून पेटवलं. निळी ज्योत भेगेवरून धावत गेली, पापुद्रा मऊ झाला, त्यानं त्यात पातळ ब्लेड फिरवलं. बायको पदर तोंडाला लावून बघत होती. "आपल्याकडे असं कापड कापायला मिळालं असतं तर," ती माझ्या कानात म्हणाली.

परत येताना चारोटीपर्यंत बस मिळाली. तिथून रानशेतला शेअर जीप. काचा जुन्या गोधडीत बांधलेल्या, आणि आम्ही दोघं मधल्या सीटवर त्या उभ्या धरून बसलेलो. जीप भरली. शेजारी भाजीची टोपली घेतलेली एक बाई बसली. तिनं पाय वर घेतले.

"आरसा हाय का?"

"नाही, साधी काच आहे."

"मंग त्यात दिसंल काय?"

"पलीकडचं दिसेल," बायको म्हणाली.

बाईला ते पटलं. तिनं टोपली मांडीवर घेतली आणि मोकळ्या हातानं गोधडी धरली. मागच्या माणसानंही हात पुढे केला. ड्रायव्हर खड्डा आला की आधी ओरडायचा, "काच!" आणि सगळी जीप श्वास धरायची. रानशेतला उतरलो तेव्हा त्यानं इंजिन बंद करून काचा स्वतः खाली घेतल्या.

मेकॅनिक त्या आठवड्यात वलसाडला लग्नाला गेला होता. त्यानं फोनवर युक्ती सांगितली. काचेभोवती रबर चढवायचं. रबराच्या बाहेरच्या खाचेत सुतळी बसवायची, तिची टोकं गाडीच्या आत सोडायची. साबणाचं पाणी लावायचं. एकानं बाहेरून काच दाबायची, दुसऱ्यानं आतून सुतळी ओढायची, म्हणजे रबराचा ओठ चौकटीवरून आत येतो. "हळू, हां," तो म्हणाला. "नवरा-बायकोचं काम आहे, भांडू नका."

मी बाहेर, ती आत. आमच्या मध्ये काच. ती काहीतरी बोलत होती, मला अर्धंच ऐकू येत होतं. "खाली!" मी खाली दाबलं. "वर म्हणतेय मी!" मी वर दाबलं. साबण माझ्या कोपरापर्यंत आला. काच काही जागेवर बसेना. खालची कड बसली की वरची चौकटीबाहेर. उजवी उतरवून डावी लावली, तिचंही तेच. तासभर आमची झटापट चालली, तोवर मेहुणा आला. त्यानं काच उतरवून जुन्या फुटक्या काचेवर ठेवून पाहिली.

"ही मोठी आहे गं. चारही बाजूंनी."

बायको खाली उतरली. फर्मा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"कसा काढलास?" मी विचारलं.

"जसा काढतात तसा. चौकटीचं माप घेतलं, आणि कडेनं बोटभर माया सोडली..." ती थांबली. कपाळावर हात मारला. "अहो, काच कुठे आत दुमडायची असते!"

शिवणात कडेला सोडतात ती माया. इतक्या वर्षांची सवय, हातानं आपोआप सोडली होती. ती हसायला लागली आणि तिला थांबता येईना. मेहुणा ट्रकच्या बंपरवर बसला. तिनं डोळे पुसायला हात वर केला, त्याला साबण होता, मग डोळेही झोंबायला लागले, आणि तरी ती हसतच होती. मी तिला पाणी आणून दिलं. बापाचा ट्रक आल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. त्या दिवशी ते सगळं हसूनच निघालं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी काचा गोधडीत बांधून परत तलासरीला. नशिबानं जीपवाला तोच.

"परत तीच काच?"

"मोठी झाली," मी म्हणालो.

"आमच्याकडे पोरं पण इतक्या लवकर मोठी होत नाहीत," तो म्हणाला, आणि आमच्यासाठी पुढची सीट मोकळी केली.

काचवाल्यानं कडा उतरवल्या. उजवी नीट निघाली. डावीला तो जास्त गोल कोपरा नडला, तिथून तडा गेला, ती त्यानं नवीन कापली. या वेळी रबराची जागा सोडून, फर्म्याच्या आतून. दरवाजाची काचही चारही बाजूंनी कापून, कडा घासून दिली.

दुसऱ्यांदा बसवताना आम्हाला एकमेकांचं ऐकू येत नाही, हे आम्ही आधीच मान्य केलं होतं. तिनं बोटानं काचेवर जागा दाखवायची, मी तळहातानं तिथे दाबायचं. तिचं बोट सरकेल तसा माझा हात सरकत गेला. सुतळी थोडी थोडी बाहेर येत होती. शेवटच्या कोपऱ्यात ती अडकली. बायकोनं ओठ आवळून ओढलं, रबर 'फट्' करून बसलं, आणि ती सुतळीसकट मागे सीटवर पडली. काचेपलीकडून तिचे फक्त पाय दिसत होते. मग हात वर आला. हातात सुतळी.

दरवाजाची काच त्यामानानं सोपी गेली. पत्रा काढला, खाचेत नवी मखमलीची पट्टी चिकटवली, हँडलला तेल दिलं. फिरवलं की काच वर, फिरवलं की खाली. मेहुण्यानं ती उगाचच बऱ्याच वेळा वर-खाली केली.

पुढे गाडी पास झाली. अवजड गाडीचं लायसन्स आमच्यात एकट्या मेहुण्याकडे आहे, म्हणून चालवणारा तोच. पहिल्या फेरीला नरपडला गेलो. सासूबाई ओट्यावर चिकू निवडत बसल्या होत्या. ट्रक वाडीत शिरला तशा त्या उठून उभ्या राहिल्या. जवळ येऊन त्यांनी ट्रकच्या नाकावरून हात फिरवला.

"आई, चल, बस," बायको म्हणाली. "फिरून येऊ."

"मी?"

तेव्हा आम्हाला कळलं, की सासूबाई या ट्रकमध्ये कधी बसल्याच नव्हत्या. पहाटे करंड्या भरून द्यायच्या, गाडी निघाली की घरात जायचं.

"बाबांनी नाही म्हटलं होतं का?" मेहुण्यानं विचारलं.

"नाही रे. कुणी बस म्हटलं नाही, आणि मी विचारलं नाही."

त्या आत गेल्या आणि लग्नाकार्याला नेसतात ती साडी नेसून बाहेर आल्या. पायरी उंच, म्हणून मी खुर्ची ठेवली. मेहुणा वरून हात देऊन ओढत होता आणि मी खालून आधार देत होतो. "जावई, टाकाल मला," असं म्हणत त्या एकदाच्या चढल्या. खिडकीपाशीच बसणार म्हणाल्या. बायको मध्ये बसली. मी मागे हौद्यात, केबिनला टेकून, पण केबिनची मागची छोटी खिडकी उघडी असल्यानं आतलं सगळं ऐकू येत होतं.

वाडीच्या कुंपणावरून त्यांना पलीकडच्या वाड्या दिसल्या, मग सुरूची झाडं, मग समुद्र.

"एवढं उंचावरून दिसायचं होय त्यांना," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, दमून येतात. मजा करून येत होते की!"

मेहुणा इतका हसला की त्याला गाडी हळू करावी लागली. सासूबाई म्हणाल्या, आता निघालोच आहोत तर बोर्डीला माझ्या बहिणीकडे चला. बहिणीच्या दारात त्यांनी मुलाला हॉर्न वाजवायला लावला. बहीण पिठाच्या हातांनी बाहेर आली, वर पाहिलं, आणि म्हणाली, "अगं, तू तिथे काय करतेस?"

"ये वर," सासूबाई म्हणाल्या.

पुन्हा खुर्ची, पुन्हा आधार. बहीणही चढली. बायकोनं खाली उतरून जागा दिली. मावशीच्या सुनेनं चहा केला, तो आम्ही ओट्यावर घेतला आणि दोन कप उघड्या खिडकीतून वर दिले. दोघी बहिणी नव्या काचेमागे बसून चहा पीत होत्या, रस्त्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या, मध्येच एकीनं दुसरीच्या मांडीवर थाप मारली. ऊन कललं. मेहुण्याला वाडीवर पाणी सोडायचं होतं. तो जाऊन दरवाजाशी उभा राहिला.

"आई, निघायचं ना?"

सासूबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, हँडल धरलं आणि काच वर केली.