अदपाव मिरचीइतका फरक

या प्रकरणात माझा वाटा किती होता, ते आधीच स्पष्ट सांगते. नाशिकमधल्या गंगापूर रोडवरच्या आमच्या रविवार सायकल मंडळाची मी चिटणीस होते. मंडळाच्या बैठका माझ्या गच्चीवर भरत. आणि एका इंग्रजी माहितीपत्रकाचे मराठी भाषांतर मी केले. सायकल मी चालवत नसे. शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिकेला चिटणीस करावे, म्हणजे निदान सूचनाफलक तरी शुद्ध राहील, असा मंडळाचा हिशेब होता. तो राहिला.

किस्से जमवायला कोणी बसत नाही. एका वस्तूभोवती चार माणसे जमली आणि त्या वस्तूचे नाव प्रत्येकाने आपापल्या परीने ऐकले, की किस्से आपोआप साठतात. लोखंडावर गंज साठतो, तसे! कार्बन फायबरला गंज चढत नाही, असे म्हणतात. किस्से मात्र त्यालाही भरपूर चढले.

सायकल होती रेखाची. रेखा माझी जुनी विद्यार्थिनी. पुढे बँकेत लागली, निफाडच्या द्राक्षबागाईतदाराची सून झाली आणि तिशीनंतर डोंगरात सायकल चालवू लागली. आदल्या वर्षी ती हिमाचलातल्या एका डोंगरी शर्यतीला गेली होती. तिथे काही चढ असे, की सायकल खांद्यावर घेऊनच चढावे लागे. तिसऱ्या दिवशी अशाच एका चढावर तिची वेळ संपली आणि तिला परत फिरवले.

"बाई, मी दमले नव्हते हो. सायकल दमली होती!" परत आल्यावर ती म्हणाली.

म्हणून या वर्षी सायकलचे वजन उतरवायचे ठरले. हँडल, सीटखालचा दांडा आणि पेडलचे हात, सगळे कार्बन फायबरचे. शर्यत पुरी करायची, एवढाच तिचा ध्यास. अडचण एकच होती. शर्यतीच्या तारखा नेमक्या ऑक्टोबरच्या छाटणीवर आल्या होत्या. सासूबाई गेल्यापासून दर छाटणीला रेखाच रजा काढून निफाडला राही आणि मजुरांच्या टोळीवर लक्ष ठेवी. रजा एक, आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोन. सासऱ्यांना, म्हणजे तात्यांना, हे सांगायचे कोणी?

"आधी सायकल तर होऊ दे," असे म्हणून आम्ही तो प्रश्न पुढे ढकलला.

* * *

बबन मिस्त्री सायकली आणि स्कूटर दोन्ही दुरुस्त करी. त्याच्या पाटीवरचा 'दुरूस्ती'तला दीर्घ ऊकार मी स्वतः उभी राहून ऱ्हस्व करून घेतला होता, त्यामुळे आमचा परिचय जुना.

रेखा त्याला म्हणाली, "मिस्त्री, सायकलला कार्बन बसवायचाय."

बबनने हातातला स्कूटरचा सायलेन्सर खाली ठेवला. त्यातून काढलेली काळी राख समोर कागदावर पडली होती.

"ताई, कार्बन काढायला लोक माझ्याकडे रांग लावतात," तो म्हणाला. "बसवायला आलेल्या तुम्ही पहिल्याच! बसवायचाच असेल तर हा घेऊन जा. पुडी बांधून देतो."

* * *

सुटे भाग आमचे सभासद गोगटे यांच्या जावयांनी सिंगापूरहून पाठवले. गोगटे सातपूरच्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागातून निवृत्त झालेले. एखाद्या वस्तूचे वजन आपल्याला ठाऊक नाही, या विचारानेच अस्वस्थ होणारे गृहस्थ. पार्सल सोडवायला ते आणि रेखा कस्टमच्या कार्यालयात गेले.

खिडकीतल्या कारकुनाने खोक्यावरचा 'कार्बन' हा शब्द वाचला आणि समाधानाने मान हलवली. "स्टेशनरी. किती डबे आहेत?"

"स्टेशनरी नाही हो. सायकलचं सामान आहे," गोगटे म्हणाले.

"साहेब, मी इतकी वर्षं ऑफिसात आहे. कार्बन म्हणजे काय, ते मला शिकवू नका. दोन कागदांच्या मध्ये घालतात."

शेवटी खोके उघडले. आतून काळेभोर, लांबलचक हँडल निघाले. कारकुनाने ते उलटसुलट करून पाहिले, पण शब्द काही मागे घेतला नाही.

"एवढा मोठा टाइपरायटर कुठे आहे तुमच्याकडे?"

* * *

आता खरा किस्सा. ते हँडल घरी आले, त्याच दिवशी तात्या द्राक्षबागेच्या औषधांसाठी नाशिकला आले होते आणि सुनेकडे उतरले होते. मीही नेमकी तिथेच होते. रेखाच्या नवऱ्याने मोठ्या अभिमानाने हँडल वडिलांच्या हातात दिले.

"तात्या, बघा तरी! किती हलका माल आहे!"

तात्यांचा चेहरा पडला. बाजार समितीत आयुष्य गेलेला माणूस. त्यांच्या लेखी हलका माल म्हणजे क्रेटच्या तळाशी घालायचा माल!

"फसवलं पोरीला," ते म्हणाले. "हलका माल हाय हे तुला ठावं हाय, अन् वर दात काढतो? परत कर आधी."

भाषेचा घोटाळा होता, तेव्हा तो सोडवणे माझे कर्तव्यच होते. मी म्हणाले, "तात्या, शब्द चुकला. माल उंची आहे. फक्त वजनाने कमी आहे."

"वजनात बी मारलं?" तात्या ताडकन उठले. "मंग तर सोडायचंच नाय बाई त्याला!"

* * *

जुन्या आणि नव्या हँडलच्या वजनात नेमका किती फरक, हे कळल्याशिवाय गोगट्यांना जेवण जाईना. घरात काटा नव्हता. ते दोन्ही हँडले घेऊन कोपऱ्यावरच्या कमलबाईकडे गेले. कमलबाई शहराच्या कडेच्या आपल्या मळ्यातली भाजी रोज सकाळी आणून विके.

तिने एका पारड्यात जुने हँडल घातले, दुसऱ्यात नवे. जुने खाली गेले. तिने नव्याच्या पारड्यात मिरच्या टाकायला सुरुवात केली. काटा मध्यावर आला, तशी ती थांबली.

"अदपाव मिरची."

"म्हणजे सव्वाशे ग्रॅम!" गोगटे हर्षाने ओरडले. "कमलबाई, सिंगापूरचा माल आहे! चढावर हा फार मोठा फरक आहे!"

कमलबाईने मिरच्या परत टोपलीत ओतल्या, गोगट्यांकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि नजर मध्यावर आणून थांबवली.

"काका, एवढ्यासाठी सिंगापूर गाठलं? सकाळचे दुसऱ्या बशीचे पोहे सोडले असते तरी झालं असतं की!"

"सायकल माझी नाही, रेखाची आहे!"

"मग ती जेवत असंल तेवढं जेवू द्या," कमलबाई म्हणाली. "पोरीचं वजन नका करू कमी. लोखंडाचं करा."

या वाक्यात व्याकरणाची चूक मला सापडली नाही. आशयाची तर नाहीच.

* * *

आता भाषांतराचा किस्सा. कार्बनचे हँडल प्रमाणाबाहेर आवळले तर तडकते, असे माहितीपत्रकात बजावलेले होते. बबनसाठी मी ते मराठीत केले आणि मोठ्या अक्षरांत लिहून दिले: 'बोल्ट मर्यादेपलीकडे आवळू नयेत.'

बबनने ते मोठ्याने वाचले. "एकदम क्लिअर आहे, बाई," म्हणाला. मग नेहमीच्या पद्धतीप्रमाणे त्याने पान्याला लोखंडी नळी जोडली आणि पाय रोवून जोर लावला.

कर्रर्र!

हँडलवर केसासारखी बारीक रेघ उमटली. आम्ही सगळे त्या रेघेकडे पाहत राहिलो. कार्बनची रेघ सांधता येत नाही.

"अरे, वाचलंस ना तू?" मी विचारले. "मर्यादेपलीकडे आवळू नयेत!"

"मर्यादा कुठं आली होती बाई?" बबन रडवेला झाला होता. "माझ्या हातात अजून कितीतरी जोर होता!"

माझे वाक्य निर्दोष होते. मर्यादा कोणाची, ते सांगणारी षष्ठी तेवढी त्यात राहून गेली होती.

रेखाने त्या रेघेवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "बाई, हँडल न धरता चढाची शर्यत करतात का हो?" ती हसत होती, पण तिच्या डोळ्यांत मला हसू दिसले नाही. नवे हँडल येईपर्यंतच्या सगळ्या रविवारी ती जुन्या हँडलवर सराव करत राहिली. एकही रविवार तिने चुकवला नाही.

* * *

दुसरे हँडल गोगट्यांच्या जावयांनी भारतात येताना स्वतः आणले. या वेळी गोगट्यांनी आपल्या जुन्या कारखान्यातून टॉर्क पानाही मागून आणला. त्यावर जोराचा आकडा लावून ठेवायचा. तेवढा जोर झाला की पाना 'कट्' असा आवाज करतो, आणि आपण थांबायचे. मर्यादेची जबाबदारी पान्यावर, भाषेवर नाही!

हे गोगट्यांनी सगळ्यांना समजावून सांगितले. त्या वेळी बबन चहा आणायला गेला होता.

परत येऊन त्याने देवाचे नाव घेतले, पाना लावला आणि अगदी हळू, बाळाची टाळू चाचपावी तसा, फिरवला.

कट्!

बबनने पाना टाकला आणि दोन्ही हातांनी डोके धरून तिथेच फरशीवर बसला. "गेलं! बाई, हेही गेलं! आता मी दुकानच बंद करतो!"

"अरे, बसलं!" गोगटे ओरडले. "बबन, बसलं!"

"मी बसलोय हो, मला दिसतंय! हँडलचं सांगा!"

* * *

सायकल तयार झाली. रेखाने तिची परीक्षा अंजनेरीच्या डोंगरवाटेवर घेतली. दगडांच्या पायऱ्या लागल्या, तशी तिने सायकल उचलून खांद्यावर टाकली आणि ती सरळ वर चालू लागली. आदल्या वर्षी त्याच जागी ती तीनदा टेकत असे.

वरून लाकडाची मोळी घेऊन एक म्हातारी उतरत होती. ती थांबली.

"काय गं, बिघाडली का?"

"नाही आजी. चांगली आहे."

"मंग खाली उतरव की तिला! धडधाकट असून बसलीय खांद्यावर!"

हे सांगताना रेखा इतकी हसली, की तिला ठसका लागला. त्या दिवशी ती वर पोचली, तेव्हा गोगटे अजून निम्म्या वाटेवर होते. आणि त्यांच्या खांद्यावर काहीच नव्हते.

* * *

आता पुढे ढकललेला प्रश्न समोर आला. शर्यत तोंडावर आली होती, छाटणीही. माझ्या गच्चीवर बैठक बोलावली आणि तात्यांना मुद्दाम आमंत्रण धाडले. रेखा आदल्या दिवशीच मला म्हणाली होती, "तात्या नाही म्हणाले तर मी त्यांना दुसऱ्यांदा विचारणार नाही, बाई. बागेचं वर्ष त्या छाटणीवर उभं असतं. ते मलाही कळतं."

तात्या आले. पांढरी टोपी, धुवट सदरा. चहा झाला. मी प्रस्तावना बांधत होते. 'कर्तव्य' आणि 'आकांक्षा' हे दोन्ही शब्द तिच्यात योजले होते. तेवढ्यात तात्यांनी हात वर केला.

"बाई, थांबा. मी त्या हिमाचलवाल्याला फोन लावला व्हता."

रेखाच्या हातातली बशी तशीच राहिली.

"कोणाला?" गोगट्यांनी विचारले.

"ज्याची शर्यत हाय त्याला. नंबर पोरानं दिला. म्हनलं, भाऊसाब, हमारी सून आपके उधर आ रही है, मगर उसी टाइम छाटनी है. उसका क्या करनेका?"

"मग तो काय म्हणाला?"

"लय चांगला मानूस. म्हनला, चाचाजी, टेन्शन मत लो, इस साल छँटनी है ही नहीं! पहले दिन किसी को बाहर नहीं निकालेंगे, सबको आखिर तक मौका मिलेगा. बहू को बिनधास्त भेज दो."

गोगटे खुर्चीत पुढे सरसावले. "अहो तात्या, हिंदीत छँटनी म्हणजे..."

मी चिवड्याची बशी त्यांच्यापुढे केली. "गोगटे, चिवडा घ्या."

"नको. मी म्हणतोय, त्या शब्दाचा अर्थ..."

"गोगटे, घ्या!" वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज अजून शाबूत आहे. गोगट्यांनी चिवडा घेतला.

तात्या गंभीरपणे पुढे म्हणाले, "तेव्हा मी इचार केला. तेवढ्या लांबचा मानूस म्हनतो यंदा छाटनी नाय, तर आपन तरी कशाला घाई करा? आठ दिवसांनी करू. टोळीवाल्याला तसं सांगून बी आलो."

रेखाने बशी खाली ठेवली.

मी ठराव मांडला: रेखाने शर्यतीला जावे, गोगट्यांनी टॉर्क पान्यासह तिच्यासोबत जावे, आणि छाटणी ती परत आल्यावर व्हावी. बबनने हात वर केला. रेखाच्या नवऱ्याने केला. गोगट्यांनी तोंडातला चिवडा गिळून केला. मी सगळ्यात शेवटी तात्यांकडे वळले.

"तात्या, तुम्हाला मान्य आहे ना?"

तात्यांनी टोपी सारखी केली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"मला काय इचारता, बाई? हिमाचलवाल्यानं मान्य केलंय!"